जनूची लांबलचक चढाई

धरमतरच्या मिठागरावर वाढलेला जनू पेणच्या कॉलेजात आला तेव्हा त्याच्यात सांगण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे त्याचा दम. लहानपणी खाडीत बुडी मारून बसायचा, तो आई काठावर रडायला लागली की वर यायचा. क्रीडाशिक्षक हैबतरावांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी त्याला कबड्डीच्या संघात ओढलं.

हैबतरावांना विक्रमांचं भारी वेड. एका सामन्यात सर्वाधिक गुण कोणाचे, सर्वाधिक पकडी कोणाच्या, हे त्यांनी व्यायामशाळेच्या भिंतीवर स्वतः रंगवलं होतं. तिथे जनूचं नाव लागायचं काही लक्षण दिसेना. तो चढाईला जायचा, ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत गड्यांसमोर फिरायचा आणि कोणालाही न शिवता परत यायचा. परक्या माणसाच्या अंगाला असा एकदम हात लावायचा म्हणजे त्याला फार अवघड वाटे.

रोह्याच्या कॉलेजशी सामना होता. जनू चढाईला गेला, तो परत येईचना. समोरचे गडी सावध उभं राहून कंटाळले. एकाने चड्डीची नाडी सोडून पुन्हा नीट बांधली. शेवटी त्यांचा कोपऱ्यातला गडी पोपट वैतागून म्हणाला, “अरे शिव तरी, नायतर जा तरी.” जनूने अदबीने मान हलवली, पण दम सोडला नाही. एक मिनिट बावन्न सेकंदांनी तो रिकामाच परतला. पेणचा संघ सपाटून हरला आणि हैबतराव घड्याळ नाचवत मैदानात धावले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी ओळ आली: सर्वांत लांब चढाई, जनू. पुढे गुणांच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे शून्य काढलं.

पुढे जनू डोलवीच्या कंपनीत लागला. रोह्याजवळच्या वरसे गावात पुतळी नावाची मुलगी बघायला गेला, तर दारात पोपट. तिचा सख्खा भाऊ. जनूच्या तोंडचं पाणी पळालं.

“आये, हा तोच,” पोपट आईला, बायजाबाईंना म्हणाला. “नुसता बोलत रहातो. कोणाच्या अंगाला हात म्हणून लावत नाय.”

बायजाबाईंनी जनूला नीट न्याहाळलं. “कितीबी डिवचला तरी?”

“तरी नाय.”

“पुतळे, चा आण गो,” बायजाबाई म्हणाल्या. लग्न ठरलं.

काही वर्षांनी चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. हैबतराव स्कूटरवरून थेट जनूच्या घरी आले. “जनू, तुझा विक्रम आता कोणाच्या बापाला मोडता येणार नाही.”

जनूचा चेहरा पडला. “सर, ती ओळ पुसता येईल का? सासूबाई येईल त्या पाहुण्याला रोह्याहून भिंत बघायला आणतात. मग पाहुणे विचारतात, हे शून्य कशाचं.”

विक्रम पुसणं हैबतरावांच्या जिवावर आलं. बराच विचार करून त्यांनी तेवढं शून्य पुसलं.

पुढच्या रविवारी बायजाबाई नवे पाहुणे घेऊन हजर. मोकळ्या रकान्यावर बोट ठेवून एकाने विचारलं, “आणि गुण किती?”

“एवढे झाले,” बायजाबाई म्हणाल्या, “का मास्तरला मोजताच आले नाय.”

जनू शेजारीच उभा होता. त्याने पाहुण्यांना चहाला चला म्हटलं.