रंगखात्यातल्या बाई

पोरींना जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या आमच्या बाई कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी छताकडे बघायच्या. माणसांकडे नंतर. शाळेचे हॉल, समाजमंदिर, लग्नाचे हॉल, सगळीकडे त्यांना पंखे आडवे यायचे. पोरगी हवेत उलटी झाली की तिला डोक्यावर मोकळी जागा लागते, हे त्या प्रत्येकाला सांगत फिरायच्या. नव्वदनंतरची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची आमची कापड रंगवायची फॅक्टरी तेव्हा बंद पडली होती आणि मी तिथे राखणीला होतो. बाईंनी रंगखात्याच्या शेडमध्ये मान वर केली, उंच छताला एकही पंखा नाही हे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं माझं काम."

ती शेड साधी नव्हती. आमच्या भागातली पहिली चिमणी तिची. आमच्याच शेतावर उभी राहिली आणि पाया खणायला मीच होतो. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पण त्या भिंतीतली वीट न् वीट मला माहीत. मालकाच्या मॅनेजरने बाईंना एका वर्षाच्या बोलीवर किल्ली दिली. पोरींनी काही करून दाखवलं तर पुढचं बघू, म्हणाला.

गावातल्या पोरी जमल्या. त्यात माझी नात मनीषा. लांबून धावत यायचं, फळीवर पाय आपटायचा आणि लाकडी घोड्यावर हात टेकून पलीकडे उलटं जायचं. बायका नाकं मुरडायच्या. एक आजी म्हणाली, "पोरींना माकडं करतेस काय गो?" बाई म्हणाल्या, "माकडांना एवढं जमत नाही, आजी."

वर्षाने वाशीला स्पर्धा झाली. आमच्या पोरी शेडमध्ये वाऱ्यासारख्या यायच्या, तिथे त्यांचे पाय जड झाले. मनीषा घोड्यावरच बसली. लोक हसले.

बाई रागावल्या नाहीत. परत आल्या आणि त्यांनी शेडमध्ये बादलीभर पाणी ओतलं. पाणी पोरींच्या धावायच्या वाटेने सरळ घोड्याकडे गेलं.

"काका, ही फरशी उतरती आहे?"

"हायच. रंगाचं पानी नाल्यात जायला नको? आमी मुद्दाम ढाळ ठेवलाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी तर नुसत्या वर बघता."

बाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. वर्षभर पोरी उतारावर धावल्या होत्या. लगेच त्यांनी घोडा उचलून दुसऱ्या टोकाला ठेवायला लावला. आता चढावर धावायचं. पोरी कुरकुरल्या, "बाई, दम लागतो." बाई म्हणाल्या, "लागू दे. वाशीला लागणार नाही."

मॅनेजर किल्ली मागायला आला. बाईंनी ती पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेत धरली. "पुढची स्पर्धा होऊ दे, मग बोलू." तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "सायब, जमीन आमची गेली, पोरी आमच्या उड्या मारतात. तुमच्या बापाचं काय जातं?" माझी नोकरी त्याच्या हातात होती, पण त्याने पाठ फिरवली. निघून गेला.

पुढच्या खेपेला मनीषा घोड्यावरून अशी गेली की पंचाने मान वळवून पाहिलं. दुसरी आली. शेड आणखी तीन वर्षं आमच्याकडे राहिली.

मग प्लॉट विकला गेला. मजूर छपराचे पत्रे काढायला आले तेव्हा पोरींचा सराव चालू होता. बाई ठेकेदाराला म्हणाल्या, "आमची वेळ अजून संपलेली नाही." तो थांबला. त्याचे मजूर खाली येऊन भिंतीला टेकून बघत बसले. शेवटच्या पोरीची उडी झाल्यावर बाईंनी स्वतः किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि पोरींना म्हणाल्या, "उद्या शाळेच्या पटांगणात. वेळ हीच."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेड सोडली त्याच संध्याकाळी घोडा आम्ही चौघांनी खांद्यावर घेऊन गावातून शाळेत नेला. वाटेत दोघातिघांनी म्हातारा म्हणून मला बाजूला व्हायला सांगितलं. मी माझं टोक कोणाला दिलं नाही.