परत येणारी ताटं

बबनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या रांगेत उभा होतो. "भावजी, हे सकाळी उठलेच नाहीत," एवढंच वहिनी म्हणाल्या...

दादा माझा थोरला चुलतभाऊ. लातूरकडून फौजेत भरती झाला तो आचारी म्हणून, आणि सगळी नोकरी त्याने चुलीपुढेच काढली. बर्फातल्या चौक्यांवर स्टोव्ह पेटवून रोट्या भाजल्या. पहाऱ्यावरून परतलेल्या जवानाला गार जेवण वाढायचं नाही, हा त्याचा हट्ट. निवृत्तीनंतर इथे चाकणजवळच चिखलीत घर केलं आणि एका लष्करी कॅन्टीनमध्ये ठेकेदाराकडे पुन्हा आचारी म्हणून लागला. फौजेतल्या पोरांना परत जेवू घालायला मिळणार, या आनंदात त्याने सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

तो आनंद टिकला नाही. डाळीत पाणी वाढत गेलं, तेच तेल पुन्हा पुन्हा कढईत पडू लागलं, रोट्या कच्च्या उतरू लागल्या. वाढणारे ताटात भात आपटायचे, आणखी मागितला तर संपला म्हणायचे. तपासणीच्या दिवशी मात्र पनीर, धुतलेले टेबलक्लॉथ आणि गोड बोलणं. अशाच एका तपासणीत दादाने साहेबांना विनवलं, की एकदा न सांगता या. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ते काही आले नाहीत. ठेकेदाराने मात्र दादाला चुलीपासून उठवून ताटं धुवायला लावलं.

सोडून दे, असं मी त्याला पुष्कळदा सांगितलं. एकदा तो म्हणाला, "पोरं अर्धं ताट टाकून उठतात रे. मी निघून गेलो तर ते बघणारं बी कुणी राहायचं नाही."

एके दुपारी उष्टं ताट ठेवायला आलेला एक सुभेदार त्याच्यासमोर थबकला. "उस्ताद, आप यहाँ?" चौकीवर दादाच्या हातचं जेवलेला तो माणूस. त्याच्या ताटात डाळ तशीच होती. दादाने मान वर न करता ते ताट घेतलं आणि धुतलं. हे त्याने वहिनींना सांगितलं, आणि त्यानंतर कॅन्टीनबद्दल घरात एक शब्दही काढला नाही. जायचा मात्र रोज. त्याचं स्वतःचं जेवण कमी होत गेलं, माणूस वाळत गेला... परवा कळलं, कॅन्टीनचा ठेका त्याच ठेकेदाराला पुन्हा मिळालाय.

वहिनी आता एकट्याच असतात. दोघांपुरता स्वयंपाक दादाला कधी जमला नाही, आणि त्याच्याबरोबर राहून वहिनींच्या हातालाही तेच माप बसलं. गेल्या रविवारी गेलो तर गॅसवर मोठं पातेलंभर डाळ उकळत होती. "हात आवरतच नाही, भावजी," त्या म्हणाल्या. मी पोटभर जेवलो. डाळ फार चांगली झाली होती. उरलेलं न्यायला शेजारणीही आता नको म्हणतात. माझ्यासमोरच वहिनींनी राहिलेली डाळ मोरीत ओतली आणि बराच वेळ नळ तसाच वाहू दिला.