चाचांच्या डाव्या बाजूचा आवाज

निलंग्यात आमच्या भिंतीला भिंत लावून एक चाचा राहतात. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. मी नकला करतो. गॅदरिंगला, गणपतीत, कुणी बोलावलं तर बारशालाही. चाचांची नक्कल मी चाचांसमोरच करतो आणि ते चुका काढतात. ‘‘गाल बरोबर फुगवलेस नकल्या, पण बोटं काय म्हशीची धार काढायलेत का?’’

यंदा ईद झाली आणि चाचा हसायचे बंद झाले. मी अख्खी वरात करून दाखवली, रुसलेल्या नवरदेवाच्या मामासकट, तरी नुसतं ‘हाव, हाव’ म्हणत मान डोलावली.

शेवटी चाचींनीच सांगितलं. ‘‘बेटा, त्यांचा डावा कान गेलाय. गाणी लावली की म्हणतात, डावीकडून काहीच येत न्हाई. पोरगा म्हणतो, आता बँड बंद.’’

चाचांनी लातूरहून हौसेनं एक अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणलेत. मोबाईल जोडून दुपारी कव्वाली ऐकतात. बँड आता त्यांचा थोरला चालवतो. त्याचंही खोटं नव्हतं. वरातीत मागून ट्रॅक्टर येतो, टेम्पो येतो. एका कानाचा माणूस रस्त्यात कसा चालवायचा? लग्नसराई तोंडावर आली होती. डॉक्टरकडं चला म्हटलं तर चाचा ऐकायचे नाहीत. बँडवाल्याचे कान जातातच, त्यांच्या उस्तादांचेही गेले होते, म्हणून त्यांनी मान्यच करून टाकलं होतं.

‘‘तुम्हाला येतो का डावीकडून आवाज?’’ मी चाचींना विचारलं.

‘‘येतो की. इथं गॅसपाशी चांगला मोठा येतो.’’

थोरला म्हणाला, ‘‘मी तर बाहेर बाजेवर पडून ऐकतो.’’

सगळे दुरून ऐकणारे. दोन्ही स्पीकरच्या मधोमध वेताची एक खुर्ची आहे, चाचांची. तिच्यावर घरात दुसरं कुणी बसत नाही. चाचा गावाला गेले तरी नाही. नातवंडंसुद्धा तिला वळसा घालून पळतात. कुणी मनाई केलेली नाही, अदब आहे. मला अदब कमी आहे हे गल्लीला माहीत आहे. चाचा नमाजला गेले तसा मी जाऊन बसलो.

‘‘ऊठ रे,’’ चाची म्हणाल्या.

‘‘आधी कव्वाली लावा.’’

लागली. सगळ्या टाळ्या, सगळी पेटी उजवीकडून. डावीकडं शुकशुकाट.

‘‘चाची, माझाबी डावा कान गेला की.’’

थोरला धावत आला. खुर्चीत काही बसला नाही, पण डाव्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. काहीच नाही.

‘‘मग अब्बा म्हणले का न्हाईत, डबा बंद हाय म्हणून?’’

‘‘ते म्हणले डावीकडून येत न्हाई. कानाचं तुम्ही सगळ्यांनी ठरवलं.’’

माझा माइक दर कार्यक्रमात दगा देतो, त्यामुळं वायरींशी माझी जुनी भांडणं आहेत. एकाला काढून दुसऱ्याला लावून बघायचं, एवढंच मला येतं. अॅम्प्लिफायर बंद करून मागच्या दोन वायरींच्या जागा आपसात बदलल्या आणि पुन्हा चालू केला. तरी डावाच मुका. म्हणजे मशीन ठीक. मग परत बंद करून उजव्या स्पीकरची वायर डाव्याला जोडली. डावा बोलायला लागला. म्हणजे डबाही ठीक. उरली डावीकडची वायर. तिचं डब्याकडचं टोक उजेडात धरलं, तर आतली तांब्याची तार गुलाबी.

खोलीची भिंत पण त्याच गुलाबी रंगाची. ईदच्या आधी थोरल्यानं रंग दिला, तेव्हा वायर सोडून भिंतीलगत लोंबती ठेवली होती. ब्रश तिच्यावरूनही फिरला. वाळल्यावर तशीच परत खोचली. रंगातून करंट कुठून जाणार? मी ब्लेडनं खरवडलं, तार चमकली, पीळ देऊन बसवली.

‘‘रंग मीच दिलता,’’ थोरला हळूच म्हणाला.

चाचा आले, बसले. कुणी काही सांगितलं नाही. कव्वाली सुरू झाली तशी त्यांची मान आपोआप डावीकडं वळली. बराच वेळ तशीच राहिली.

‘‘येतोय,’’ ते म्हणाले. चाचींनी ओढणी तोंडाला लावली. मग चाचा म्हणाले, ‘‘पण उजव्यापेक्षा दबका हाय. नकल्या, अजून बघ.’’

मी वायर पुन्हा काढली, घासली, बसवली. त्यांना उठवून स्वतः बसलो. दोन्हीकडून सारखाच आवाज होता.

‘‘चाचा, डबे बराबर हायत.’’

‘‘म्हणजे कान थोडा गेलाय.’’

‘‘थोडा.’’

‘‘थोडाच ना,’’ चाचा म्हणाले आणि थोरल्याकडं वळले. ‘‘आजवर मी रांगेच्या उजव्या टोकाला चाललो. सगळा बँड माझ्या डाव्या कानाशी. आता मला डाव्या टोकाला घे. सगळे उजव्या कानाला येतील. ते टोक म्हणजे रस्त्याची कड. ट्रॅक्टर उजवीकडूनच येतो.’’

थोरल्यानं मनातल्या मनात रांग लावून बघितली. ‘‘आधी लातूरला डॉक्टर.’’

‘‘आधी औशातलं लग्न वाजवू.’’

‘‘न्हाई अब्बा. आधी डॉक्टर.’’

‘‘बरं.’’

डॉक्टरला दाखवून झालं. औशाच्या वरातीला मी फुकट नाचायला गेलो होतो. चाचा डाव्या टोकाला, त्यांच्या उजवीकडं चिकटून थोरला. दर गाण्याला विचारायचा, ‘‘अब्बा, ऐकू येतंय ना?’’

चाचांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं. ‘‘तू गप राहिलास तर येईल.’’