एक अँटेना, दोन सेट

अमरावतीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापाशी तापलेल्या डाखाचा वास आला की मला सेमाडोहच्या जंगलातली ती जीप आठवते आणि अजून संताप होतो. त्या उन्हाळ्यात मी वनखात्याच्या जीपवर रोजंदारीने वायरलेस ऐकायचो. बडे पाहुणे वाघ पाहायला येणार म्हणून साहेबांनी त्यांच्या ताफ्याशी बोलायला जीपमध्ये दुसरा सेट बसवून घेतला, पण अँटेना एकच होता. मेकॅनिकने दोन्ही सेटच्या मधे डाख देऊन खटका लावला आणि म्हणाला, “साहेब, एका टायमाले एकच सेट चालते. दोन्ही संगं जोडले तं जयून जाईन. दुसरा अँटेना मागवा ना, जंगलाचा सेट कावून बंद ठेवता?” “दुपारभरात जंगल पळून जाते काय?” साहेब हसले आणि मला खटका पाहुण्यांच्या सेटकडे ठेवायला सांगितला. दुपारभर मी थंड पाण्याच्या बाटल्या कुठवर पोचल्या तेवढंच ऐकलं. त्याच वेळी मचाणाखाली अस्वलाने मांडी फाडलेला वनमजूर हातातल्या वायरलेसवरून आमच्या बंद ठेवलेल्या जंगलाच्या सेटवर आम्हाला बोलावत होता. शेवटी जखमेला दुपट्टा बांधून तो सरपटत रस्त्यावर आला. दवाखान्यात त्याने मला विचारलं, “चारदा बोलावलं बाबू, तू कावून नाई बोलला?” माझ्याआधी साहेब बोलले, “मेकॅनिकनं सेट बिघडवला होता.” मेकॅनिकचं काम गेलं. साहेबांविरुद्ध मी पुढे पत्रकं काढली, पण त्यात एक ओळ दरवेळी राहून गेली. ती इथे लिहितो: खटका चांगला होता आणि त्यावर हात माझा होता.