दगडाबाईच्या दोन भाकरी

माझ्या सासूचं, दगडाबाईचं नाव छावणीच्या गुरुवारच्या बाजारात अजून निघतं. बकरीचं तोंड उघडून दात बघितले की वय सांगायची, अन् ते चुकायचं नाय. मग डोळ्यात मोतीबिंदू आला. औंदा तिनं एक थकलेली म्हातारी बकरी कवळी दोनदाती म्हणून घरी आणली, अन् अख्खा बाजार हसला. तवापासून एकच धोशा: डोळ्याचं आपरेशन करायचं अन् त्याच बाजारात परत उभं राहायचं.

डॉक्टरनं दोनदा माघारी धाडलं. साखर उतरल्याबिगर डोळ्याला हात लावणार नाय म्हणाला. भात बंद, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा, अन् एका जेवणाला दोनच भाकरी. म्हातारीनं सगळं पाळलं. चहा पिताना तोंड मात्र असं करायची, जसं मीच त्यात काही कालवलंय. पण साखर जागची हलेना.

आता चोर कुठं होता ते सांगते. भाकरी ती स्वतः थापायची, परातीएवढी. तिसरीला हात नाय लावायची, बघा केवढं पथ्य! अहो आत्याबाई, ही मेंढरामागं दिवसभर चालणाऱ्याची भाकर, अन् तुम्ही बसता ओट्यावर. मी तसं म्हणाले, तर म्हणते, डॉक्टरनं आकडा सांगितला, माप नाय सांगितलं. लग्न होऊन वीस वर्षं झाली, भांडणात मी तिला एकदाही हरवलं नाय.

मग मी चुलीवरचा कब्जाच घेतला. तुम्हाला दिसत नाय, हात भाजंल, म्हणून तिला उठवलं. दर आठवड्याला भाकर बोटभर लहान करत गेले, अन् ताटात मेथी, वरण वाढवत गेले. दोन महिन्यांत भाकर तळहाताएवढी झाली. तिच्या धुरकट डोळ्यांना पत्ताच नाय. मनात म्हणलं, शीला, लई हुशार झालीस.

साखर उतरली, आपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिलंच ताट वाढलं. म्हातारीनं भाकर उचलली, उजेडात धरली, उलटीपालटी करून बघितली. पीठ संपलं होतं म्हणून मी काहीबाही सांगायला लागले.

"गप," ती म्हणाली. "डोळ्याला दिसत नव्हतं, हाताला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

"मग बोलल्या का नाय, आत्याबाई?"

"बोलले असते तर भांडण झालं असतं. अन् भांडणात मी कधी हरले का?"

मला हसूही आलं अन् रडूही. गुरुवारी बाजाराला निघताना तिनं फडक्यात बांधून न्यायला भाकर मागितली. मी परात पुढं ओढली, तशी दारातूनच म्हणाली, "त्याच मापाची कर."