समोर असलेली डिस्क

कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स अपडेट केलं आणि डिस्क गायब झाली. म्हणजे डिस्क जागेवरच आहे, तिचा हिरवा दिवा लुकलुकतोय, हात लावला की थरथरही जाणवते. पण पडद्याचा एकच हेका, 'डिस्क सापडली नाही.' ती जोडणाऱ्या कार्डाचा जुना ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नव्या लिनक्सला चालत नाही म्हणे. सकाळपासून चार ड्रायव्हर घालून पाहिले. शेवटी ओरडलोच, "अरे, समोर आहे ना ती!"

मागे बसलेले बाबा हसले. गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आम्ही बँकेत गेलो होतो. यंत्राने त्यांचा झिजलेला अंगठा काही केल्या ओळखला नाही. बाबा समोर धडधाकट उभे होते. आणि मी यंत्रावर नाही, त्यांच्यावरच खेकसलो होतो, "बाबा, बोट नीट टेकवा ना!"