चपलांपाशी काढून ठेवलेला आवाज

आम्ही निघालो ते दसऱ्याच्या तोंडावर, आणि माळ्याच्या घरातून दसऱ्याच्या तोंडावर निघणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. नाशिकजवळ मखमलाबादला माझ्या माहेरच्या मळ्यात झेंडू पिवळाधमक झाला होता, शेवंती डोकं वर काढत होती आणि घरातलं हलतंचालतं प्रत्येक माणूस कमरेला ओटी बांधून तोडणीला लागलं होतं. पण विमानाची तिकिटं काही झेंडूला विचारून काढत नाहीत. माझा नवरा अनिल अंबडच्या एका कंपनीत होता. कंपनीनं त्याला अमेरिकेतल्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं आणि लग्नाचं वर्ष पुरं व्हायच्या आत मी मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये बसले.

आई गाडीपर्यंत आलीच नाही. "मी आले त तोडणी थांबंल," म्हणाली आणि तोंड फिरवून झेंडूच्या सरीत शिरली. आमच्या घरात रडू आलं की माणसं कामाला लागतात. जीप कालव्याच्या पुलावर चढली तेव्हा मागून तिची हाक आली, "सुमेऽऽ!" मी लगेच "ओ" दिला. पण धूळ नको म्हणून काचा वर केलेल्या, शेजारी सासूबाई, पुढे सासरे. नव्या सुनेनं द्यावा तसा तो ओ बारीक, सभ्य, आतल्या आत. आईनं परत हाक मारली. माझा ओ काचेला आपटून माझ्याच मांडीवर पडला आणि गाडी वळली.

तुमच्यापैकी जे मळ्यात वाढले नाहीत त्यांना वाटेल, एका ओचं एवढं काय? सांगते. आमच्या मळ्याला लागून कालवा होता. आम्ही भावंडं लहान, फुलझाडं आमच्याहून उंच; कोण कुठे आहे ते दिसायचं नाही. म्हणून आई तोडता तोडता मधेच हाक मारायची आणि आम्ही असू तिथून बेंबीच्या देठापासून ओ द्यायचा. काम काही नसायचं. ओ आला म्हणजे पोर कालव्यात पडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकदा दादा रुसून गप्प बसला होता, तर आई पातळाचा काचा मारून थेट पाण्यात उतरली. नंतर त्याला जो मार बसला तो मला अजून ऐकू येतो. "हाक आली की आधी ओ द्याचा," ती म्हणायची, "मंग रुसायचं आसंल त रुसा."

तर असा हा माझा आवाज ओ देऊन देऊन तयार झालेला. शाळेत बाईंनी तो ऐकला आणि मला पंचवटीतल्या गुरुजींकडे गाणं शिकायला पाठवलं. गुरुजींनी पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवले. "हा शेतातला आवाज बाहेर चपलांपाशी काढून ये बाळ," ते म्हणाले, "इथे घरातला आवाज लागतो." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, शिकवलंही त्यांनी जीव लावून. मी मात्र ते शब्दशः पाळलं. जिना चढताना चपला काढायच्या, आवाजही काढायचा आणि वर जाऊन गोड, बारीक, तुपातल्या शेवयांसारखं गायचं. कॉलेजात गेल्यावर शालिमारजवळच्या एका स्टुडिओत मी जाहिरातींची गाणी गाऊ लागले. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोणपाट ठोकलेली खोली. केबलवर पिक्चरच्या मधे लागणाऱ्या साड्यांच्या, मसाल्यांच्या, फटाक्यांच्या दुकानांच्या त्या जाहिराती. तिथंही शेठ म्हणायचे, "ताई, अजून जरा गोड." गोड करता करता माझा आवाज इतका बारीक झाला की शेजाऱ्यांच्या केबलवर मला ऐकून आई म्हणाली, "ही कोण मांजर गं?"

अमेरिकेत तर तोही बंद पडला. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. अनिल सकाळी जायचा आणि मी त्या कार्पेट घातलेल्या अपार्टमेंटमध्ये उरायचे. फ्रीजची घरघर सोडली तर घरात दुसरा आवाज नाही. एकदा भांडी घासताना तान घेतली तर खालच्या बाईनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. सगळ्यात विचित्र म्हणजे मला हाक मारणारं कोणी नव्हतं. अनिल समोर आल्याशिवाय बोलत नाही, बाकी कोणाला माझं नाव माहीत नाही. दिवसच्या दिवस हाक नाही आणि हाक नाही म्हणून ओ नाही. कधीकधी वाटायचं, मीच कालव्यात पडलेय आणि कोणी विचारत नाही.

माझा उतरलेला चेहरा बघून अनिलनंच गावातल्या एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक आणलं. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देऊन गाणं शिकवत आणि तेही शास्त्रीय नाही, तर पॉप, नाटकातली गाणी, जाहिराती. 'कमर्शियल व्हॉइस' असं विषयाचं नाव. मला हसू आलं. नाशकात ज्याला गुरुजी 'धंद्याचं गाणं' म्हणून नाक मुरडायचे, त्याचं इथे कॉलेज! मी नाव घातलं. अट एकच होती. सत्राच्या शेवटी तीन शिक्षकांसमोर गायचं. त्यांना पटलं तर पुढे शिकवणार, नाहीतर रामराम. मीही मनाशी ठरवून टाकलं, इथे नाही जमलं तर गाणं सोडून द्यायचं.

माझ्या शिक्षिकेचं नाव बेथ. वयानं आईएवढी, पांढऱ्या केसांची. तिला नुसतं नावानं हाक मारणं माझ्याच्यानं होईना, म्हणून मी तिला 'बेथमॅडम' म्हणायचे आणि तिला ते तिचं आडनाव वाटायचं. महिनाभर तिनं माझं ते शेवयांचं गाणं ऐकून घेतलं. मग पियानो थांबवून म्हणाली, "गोड आहे. पण ह्या आवाजात घरी कोणी नाही." तिला हवा होता 'बेल्ट'. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी माझ्या कमरेकडे बघितलं होतं. बेल्ट म्हणजे छातीतून काढलेला खणखणीत, खुला आवाज; घसा न ताणता शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मी जोर लावला की नुसती किंचाळी निघायची. परीक्षा जवळ आली तशी मी रात्री अनिलला सांगू लागले, हे आपल्याला जमायचं नाही.

आणि माझी एक खोड होती. बेथनं नाव घेतलं की माझ्या तोंडून "ओ" निघायचा. तिला वाटायचं मला काही तरी सुचलंय किंवा लागलंय. "ओ? ओ काय?" ती विचारायची. "ओ काही नाही," मी म्हणायचे. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. दर आठवड्याला हा तमाशा.

एका दुपारी मी कॉलेजच्या लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसले होते. आज आत जाऊन सांगायचं, मी सोडतेय. वाक्य इंग्रजीत तयार करत होते, त्यामुळे कुठे बसलेय ह्याचं भान नव्हतं. बेथनं खोलीतून दाराबाहेर डोकं न काढताच हाक मारली, "सूऽमन!" तिनं 'सू' लांबवला होता, बस्स. माझ्या आतून, कुठून कोण जाणे, मळ्यातला ओ निघाला. "ओऽऽ!" कॉरिडॉर दणाणला. कुठल्या तरी खोलीत ट्रम्पेट वाजत होतं ते थांबलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बेथ धावत बाहेर आली आणि मला वाटलं, आता ही कानावर हात ठेवणार.

"हा कोणाचा आवाज होता?" तिनं विचारलं.

"सॉरी," मी म्हटलं. "आमच्याकडे हाक मारली की असं म्हणतात."

"मग त्याला घेऊन आत ये ना," ती म्हणाली. "इतके दिवस बाहेर का ठेवलास?"

मी तिथेच ढसाढसा रडले. पंचवटीच्या जिन्यापाशी काढून ठेवलेली वस्तू कोणीतरी परत आणून हातात दिली, असं वाटलं. त्या दिवशी आम्ही गाणं घेतलंच नाही. ती पियानोच्या एकेका पट्टीवरून माझं नाव घ्यायची आणि मी त्याच पट्टीत ओ द्यायचे, वर, आणखी वर. घसा कुठेही अडला नाही.

परीक्षेत मी पास झाले. पुढे कामाची परवानगी मिळाल्यावर त्या गावातल्या रेडिओवर फर्निचरच्या एका दुकानाची जाहिरातही गायले. म्हणजे साड्यांवरून सोफ्यांवर आले, एवढीच प्रगती. आईला फोनवर सांगायची सोय नव्हती. तेव्हा फोनवर आवाज उशिरा पोचायचा. ती म्हणायची "सुमे?", मी ओ द्यायचे, तो समुद्र ओलांडून जाईपर्यंत ती घाबरून पुन्हा "सुमे? हाय का गं?" आणि मग आमचे दोघींचे आवाज एकमेकांवर आपटायचे. पुलावरचा ओ काही तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

काही वर्षांनी आले तेव्हा मळ्यावर प्लॉट पडले होते. कालवा तेवढा होता, त्याच्या काठानं बंगले. दादानं गंगापूर रोडला मोठा फ्लॅट घेतला होता आणि आई तिथे गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये शेवंती लावून बसली होती. तिचे कान गेले होते. मशीन आणून दिलं ते डबीतच. "कानात किडा वळवळतो" म्हणे. समोर जाऊन, तोंडाजवळ तोंड नेऊन बोलावं लागायचं. वहिनी मला हळूच म्हणाली, "ताई, हल्ली त्या कोणाला हाकच मारत नाहीत." का, ते मला कळलं. हाक मारायची आणि पलीकडून काहीच यायचं नाही. तिच्यासाठी ते कालव्याच्या काठी उभं राहण्यासारखंच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. आई गॅलरीत. मी उठलेय हे तिला दिसलं नसावं, आणि मी खरंच आलेय ह्याची तिला अजून खात्री व्हायची होती. हाक न मारायची हल्लीची सवय विसरून ती एकदम ओरडली, "सुमेऽऽ!" अगदी पुलावरच्यासारखी.

मी गॅस बंद केला, पाय रोवले, बेथनं शिकवला तसा पोटातून श्वास घेतला आणि ओ दिला. ओट्यावरच्या बशा वाजल्या. खालच्या पार्किंगमधून वॉचमन वर बघू लागला. दादा दाढीच्या फेसासकट बाहेर आला. गॅलरीत आईचे हात कुंडीतल्या कुंडीत थांबले. ती सावकाश वळली.

"हाय व्हय," म्हणाली. मग हातांची माती पदराला पुसत, "त्या अमेरिकेत कालेज करून ह्येच शिकलीस? ह्ये त तुला येतच व्हतं."

"काय काम होतं आई?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं.

"काय नाय. उगंच."

माझं घर आता कुठे, असं दोन्हीकडचे लोक विचारतात. मखमलाबादचं तर राहिलं नाही आणि तिकडचं अजून भाड्याचं वाटतं. मला त्याचं धड उत्तर देता येत नाही. पण त्या दिवशी आईनं मला दिवसभर हाका मारल्या. गॅलरीतून, न्हाणीतून, देवाजवळून, जेवून आडवी झाल्यावरसुद्धा. एकाही हाकेला काम नव्हतं, आणि एकही ओ वाया गेला नाही.